मनाच्या दुखण्याला गोळी घ्यावी का?

मध्यमवर्गीय मराठी घरात औषधांचा एक डबा असतो. पूर्वी तो बिस्किटांचा असे, आता आइस्क्रीमचा असतो, एवढाच काय तो फरक. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या असतात, मधुमेहाच्या असतात, थायरॉइडची बाटली असते, आणि कुणाला तरी कधी तरी दिलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन गोळ्या असतात. या डब्याचा कुणाला संकोच वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या मुलाला "नको रे बाबा, शुगर आहे" असे सांगणारे गृहस्थ ते चार पानांपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. पण याच घरांतून एखादी पट्टी अशी असते की ती या डब्यात कधी पडत नाही. ती साड्यांच्या घडीखाली असते, पर्सच्या आतल्या कप्प्यात असते, नाही तर ऑफिसच्या खणात कागदांमागे असते. ती मनाच्या दुखण्याची असते.

अशी पट्टी मी चौदा महिने बाळगली. ती घ्यावी की न घ्यावी, घेतली तर किती दिवस, कुणाला सांगावे आणि कुणाला नाही, हे ठरवताना जे विचारले, वाचले आणि सोसले ते लिहावे असे मनात आले. सणासुदीला हा काय विषय, असे कुणी म्हणेल. पण ज्यांच्या घरी हे दुखणे येऊन गेले आहे त्यांना ठाऊक असेल की दिवाळीतच ते अधिक बोचते. सारे घर फराळाच्या ताटाभोवती हसत असते, आणि एकच माणूस आपल्याला हसू का येत नाही याचा विचार करीत चकलीचा तुकडा हातात धरून बसलेले असते.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. २०२२ च्या जूनमध्ये मला पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. पुन्हा झोप लागत नसे. मग मान आणि पाठ दुखू लागली, जेवणावरची वासना गेली, ब्लाउज ढगळ झाले. आपल्याकडे हे दुखणे बहुधा असेच शरीराचा बुरखा घालून येते. "मन उदास आहे" असे म्हणत दवाखान्याची पायरी फार थोडे लोक चढतात, "अंग मोडून येतं, डोकं जड होतं" असे म्हणत पुष्कळजण चढतात. मला खरी भीती वाटली ती उत्तरपत्रिका तपासताना. एकच पान मी चार-चार वेळा वाची आणि त्या मुलाने काय लिहिले आहे ते मला कळत नसे. वीस वर्षे ज्या कविता शिकवल्या त्या शिकवताना वाक्य मध्येच हातातून सुटे. मुले शहाणी, ती वहीत तोंड खुपसून बसत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व. थायरॉइड मंद झाली तरी माणूस असाच मरगळतो, बी-१२ कमी पडले तरीही. म्हणून आधी ते पाहिले पाहिजे, आणि मनाच्या डॉक्टरकडे धाव घेण्याआधी पाहिले पाहिजे. माझे सारे आकडे यथास्थित निघाले. तेव्हा त्यांनी नऊ प्रश्नांचा एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. गेल्या दोन आठवड्यांत एखाद्या गोष्टीत रस वाटेनासा झाला का, झोप कशी, भूक कशी, आपण कुणाच्या कामाचे नाही असे वाटते का, अशा तऱ्हेचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जगभर वापरतात तो कागद. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या मला त्या दिवशी सत्तावीसपैकी अठरा पडले, आणि या परीक्षेत जास्त गुण पडणे चांगले नव्हे.

या आजाराला मराठीत धड नाव नाही, ही भाषेच्या मास्तरणीची तक्रार इथे नोंदवून ठेवते. 'नैराश्य' हा शब्द रूढ आहे. पण निराशा ही कशाची तरी असते, नोकरीची, निकालाची. इथे तर कारणच सापडत नाही. 'उदासीन' म्हणजे मुळात बाजूला, अलिप्त बसलेला. तो तर ज्ञानी माणसाचा गुण. त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'विषाद'. त्याच्या धातूतच खाली बसणे, खचणे आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' म्हणतात, आणि तो अध्याय मी नव्याने वाचला तेव्हा ध्यानात आले की अर्जुन तत्त्वज्ञान सांगण्याआधी शरीराच्या तक्रारी सांगतो: गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला. आमच्या डॉक्टरांनी ऐकले असते तर त्यांनी त्यालाही तो कागद दिला असता. पण अर्जुनाला समोर श्रीकृष्ण होता आणि त्याचा विषाद एका दिवसाचा होता. माझा सात आठवडे झाले तरी हलत नव्हता.

मग घरात सल्लामसलत सुरू झाली. मराठी घरात ती न मागता सुरू होते. यजमान म्हणाले, "गोळ्यांचं एकदा सुरू केलंस की सवय लागेल. त्यापेक्षा आठ दिवस कोकणात जाऊन येऊ." मावशी म्हणाली, "रिकामं डोकं नको ठेवूस, नामस्मरण कर." कॉलेजातल्या एका मैत्रिणीने दार लोटून घेऊन हळूच विचारले, "मुलाचं लग्न व्हायचंय अजून, कागदोपत्री कशाला येऊ देतेस?" मुलगा त्या वेळी अकरावीत होता! माझी स्वतःची शंका निराळी होती. गोळीने मी बरी झाले, तर बरी झालेली ती मीच असेन का? अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे सगळे वर्तमानपत्राआडून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून एवढेच म्हटले, "पंधरा वर्षं मी प्रेशरची गोळी घेतोय. मला सवय लागली असं कुणी म्हणत नाही. औषध चालू आहे म्हणतात."

त्यातच जुलैअखेर दिरांनी अमेरिकेहून फोनवर एक बातमी पाठवली. "वहिनी, हे वाचल्याशिवाय काही सुरू करू नका." बातमी खरी होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा धांडोळा घेऊन सांगितले होते की मेंदूतले सेरोटोनिन कमी झाल्याने विषाद होतो, या समजुतीला भक्कम पुरावा नाही. मी हबकले. ज्या पायावर औषध उभे आहे तो पायाच नसेल, तर गोळी कशाच्या जोरावर घ्यायची?

वाचता येत नव्हते तरी थोडे थोडे करून या औषधांचा इतिहास वाचला. तो मोठा मासलेवाईक आहे. विषादावरची पहिली औषधे कुणी विषादासाठी शोधलीच नव्हती. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे औषध देऊन पाहत होते. फुप्फुसांचे काय व्हायचे ते झाले, पण महिनोन् महिने खाटेवर पडलेली माणसे उठून बसली, जेवण मागू लागली, वॉर्डात नाचू लागली; त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापली गेली. १९५७ च्या सुमारास नेथन क्लाइन यांनी तेच औषध खिन्न रोग्यांवर वापरून दाखवले. पुढे यकृताला अपाय होतो म्हणून ते मागे पडले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन या गावी रोलांड कून या डॉक्टरांकडे बासलच्या गायगी कंपनीने एक रसायन स्किझोफ्रेनियावर पाहायला धाडले होते. त्यावर ते उपयोगी पडेना. पण १९५६ मध्ये कून यांनी ते खोल विषादात असलेल्या रोग्यांना दिले आणि ती माणसे बोलू लागली. ते इमिप्रामिन. १९५७ साली त्यांनी हे झुरिकच्या परिषदेत वाचून दाखवले तेव्हा ऐकायला डझनभरच माणसे होती म्हणतात.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे इंग्लंडच्या हृदयविषयक नियतकालिकात लेख लिहून जगापुढे मांडले. १९५२ साली त्या मुळीतून स्विस रसायनशास्त्रज्ञांनी रेसर्पिन वेगळे काढले आणि ते देशोदेशी दिले जाऊ लागले. अण्णांचे वडील त्याच मुळीच्या गोळ्या घेत. काही रोगी त्या औषधाने खिन्न होतात असे डॉक्टरांना दिसले. प्रयोगशाळेत रेसर्पिनने मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने कमी होतात असेही दिसले. दोन्हींची सांगड घालून १९६० नंतरच्या दशकात ही 'रसायन कमी पडले' उपपत्ती उभी राहिली. पुढे १९८७ अखेर अमेरिकेत फ्लुओक्सेटिन, म्हणजे प्रोझॅक, मंजूर झाले आणि ती उपपत्ती जाहिरातीतून घरोघर पोहोचली. म्हणजे औषधे आधी आली आणि कारण मागाहून जोडले गेले. मॉन्क्रीफबाईंनी खोडले ते कारण. औषधाने गुण येतो की नाही, हा प्रश्न निराळा. सालीचा काढा पिऊन हिवताप उतरायचा, तेव्हा हिवताप कशाने होतो हे कुठे कुणाला ठाऊक होते?

गुणाचा हिशेबही सापडला, आणि तो फार भपकेबाज नाही, म्हणूनच मला विश्वासाचा वाटला. २०१८ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात ऑक्सफर्डच्या अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्यांचा, एक लाख सोळा हजारांहून अधिक रोग्यांचा आढावा छापला. त्यातली एकवीसच्या एकवीस औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरीने पाहता हा सरसपणा बेताचाच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्याच औषधाने पुरते बरे झालेले रोगी सुमारे तिघांपैकी एक होते. दुखणे सौम्य असेल तर गोळीचा फायदा फारसा दिसत नाही. ते जितके खोल, तितका अधिक दिसतो.

हे सारे डोक्यात घेऊन ऑगस्टमध्ये मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. यजमान बरोबर होते. डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी पहिला अर्धा तास औषधाचे नावही काढले नाही. घरात कुणाला असा त्रास होता का, असे विचारले तेव्हा मी आत्याचे सांगितले. साताऱ्याच्या आमच्या घरी माजघरालगतच्या खोलीत ती अकरा वर्षे भिंतीकडे तोंड करून पडून होती. "आक्काचं कपाळ दुखतं" असे आम्हा मुलांना सांगत. १९८९ साली ती गेली. इमिप्रामिन तेव्हा बाजारात येऊन तीस वर्षे झाली होती.

मग त्यांनी उलट दिशेचे प्रश्न विचारले, तेही यजमानांना: ही कधी झोपेशिवाय चार-चार दिवस उत्साहात असते का, भरमसाट खर्च, भरमसाट बोलणे? मला हे चमत्कारिक वाटले. पण ज्याला उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत, त्याला नुसती विषादाची गोळी दिली तर ती त्याला उन्मादात ढकलू शकते. त्याचे औषध निराळे. ही गोळी दुसऱ्याच्या पट्टीतून मागून घेऊ नये, याचे हे एकच कारण पुरेसे आहे.

आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, "जगू नये असं मनात येतं का?"

मी "हो" म्हटले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांच्या संसारात त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. कोकणची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या. समुपदेशनानेही हे दुखणे बरे होते. आपल्या गोव्यातच 'संगाथ' संस्थेने साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांकडून आरोग्यकेंद्रात सहा ते आठ बैठका घेववून तीव्र विषादाच्या रोग्यांनाही गुण येतो, हे दाखवून दिले आहे. तो अभ्यासही 'लॅन्सेट'मध्येच आला. उत्साह येण्याची वाट न पाहता आधी लहानशी कृती करायची, उत्साह मागून येतो, अशी त्यातली रीत. पण मला आलेले ते विचार, सुटलेले अन्न आणि दोन महिन्यांचा काळ पाहता दोन्ही एकदम करावे, असे त्यांचे मत पडले. "ठरवायचं तुम्ही," त्या म्हणाल्या. मी सहा प्रश्न लिहून नेले होते. सवय लागते का? झोपेच्या गोळीची लागते तशी, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. पण एकदम बंद केली तर त्रास होतो. किती दिवस? बरे वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने. मी बदलेन का? "तुम्ही आत्ता बदललेल्या आहात," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला पटले. सही करायला मात्र मी चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत एकटीने राहू नये, ही त्यांची अट होती, ती यजमानांनी रजा काढून पाळली. सही म्हणजे काही खरी सही नव्हे. पण मला ते तसेच वाटत होते.

एस्सिटॅलोप्रामची अर्धी मात्रा आठ दिवस आणि मग १० मिलिग्रॅम, अशी माझी औषधयोजना होती. दुसऱ्याची निराळी असेल. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, जांभया आल्या, जीव घाबराघुबरा झाला. गुण काही नाही. याच टप्प्यावर पुष्कळजण पट्टी फेकून देतात, कारण त्रास पहिल्या दिवशी येतो आणि गुण यायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत पहिले काही आठवडे घरच्यांनी फार जपावे लागते. त्या वयात सुरुवातीला आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली दिला आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्यांना लागू केला. मानदुखीसाठी मी सर्रास घेत असे ती आयब्युप्रोफेनची गोळी डॉक्टरांनी बंद करवली, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. पती-पत्नींच्या संबंधातही या औषधाने गारठा येतो. हे कुणी आपणहून सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मग एके दिवशी कारण न सांगता औषध बंद होते. विचारावे. मात्रा किंवा औषध बदलून त्यावर तोड निघते. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अल्प्राझोलामच्या गोळीला विषादाचे औषध समजू नये. ती तात्पुरती झोपवते, आणि सवय लागते ती तिची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मला फोडणीचा वास आला. वास रोजच येत असणार. मला तो आला इतकेच. सातव्या आठवड्यात एक उत्तरपत्रिका एका वाचनात कळली. मुलाने 'करुणरस' या प्रश्नाला वीररसाचे उत्तर लिहिले होते, आणि मला हसू आले. समुपदेशक दर आठवड्याला तक्ता भरून घेत: दहा मिनिटे चालणे, तुळशीला पाणी, एका मैत्रिणीला फोन. आधी मला हे बालवाडीतले वाटे. नोव्हेंबरपर्यंत मी पुष्कळशी सावरले. गोळीने किती, तक्त्याने किती, काळाने किती, हे सांगता येत नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगू लागले तर मी त्याचे ऐकत नाही.

कुणाला सांगायचे याचा निकाल असा लागला: घरात सर्वांना, मुलालाही, कॉलेजात एकीला. दार लोटून घेणाऱ्या मैत्रिणीलाच. तिने ऐकून घेतले आणि मग स्वतःच्या भावाविषयी तासभर बोलली. कागदोपत्री येण्याची तिची भीती अगदीच पोकळ नव्हती, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवावे असेही त्यात आहे. ज्यांना दवाखाना जवळ नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' दूरध्वनी २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. तिथे मराठीत बोलता येते. मनात जगू नये असे येत असेल तर मात्र आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये गोळी उतरवायला घेतली. दोन महिने लागले. मात्रा कमी केली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे व्हायचे, भोवळ यायची, मग चार दिवसांनी शमायचे. पुन्हा दुखणे येणारच नाही असे डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदा आलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते कधी तरी पुन्हा येते. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर माझी लक्षणे उतरवून ठेवली: सलग सात दिवस पहाटे जाग, पान दोनदा वाचावे लागणे, मानदुखी. यांतली दोन दिसली की डॉक्टरांना फोन करायचा, आणि तो यजमानांनी करायचा, कारण मी "काही नाही हो, दगदग झाली" म्हणणार हे ठरलेले.

२०२४ च्या जुलैत मला लागोपाठ चार पहाटे साडेतीनला जाग आली. मी काही बोलले नाही. पाचव्या पहाटे डोळे उघडले तर यजमान शेजारी जागेच होते. "चार झाले," ते म्हणाले, "मी मोजतोय." त्या दिवशी मला सहा वाजता जाग आली होती.